कॅलेंडर कोणाच्या भिंतीवर?

“पण मला सांगा, कॉम्प्युटर चुकेलच कसा?”

व्याख्यान संपलं की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारे बहुधा निवृत्त हेडक्लार्क किंवा गणिताचे मास्तर असतात, आयुष्यभर माणसांच्या चुका लाल शाईने दुरुस्त करून दमलेले. त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. माणूस पेंगतो, लबाडी करतो, मेव्हण्याचं काम आधी करतो. यंत्राला मेव्हणा नसतो. त्यामुळे रेशन दुकानातल्या मशीनने ‘नाही’ म्हटलं किंवा बँकेच्या खिडकीतून ‘सिस्टीम घेत नाहीये’ असं उत्तर आलं, की आपली पहिली शंका जाते ती समोर उभ्या असलेल्या माणसावर. त्याने अंगठा नीट ठेवला नसेल. तिने फॉर्म चुकीचा भरला असेल.

माहिती तंत्रज्ञान आणि नीती असा विषय निघाला, की मोबाईलचं व्यसन, अफवा, हॅकिंग, नोकऱ्यांवर येणारी गदा यांवर चर्चा रंगते. या प्रकरणात आपण त्या सगळ्यांच्या आधीचा, जरा कंटाळवाणा वाटणारा प्रश्न घेणार आहोत. यंत्राचा हिशोब आणि माणसाचा हिशोब जुळला नाही, तर खरं कोणाचं धरायचं?

१. दुधाचा खाडा

आमच्या घरी दुधाचा रतीब होता. ज्या दिवशी दूध येत नसे, त्या तारखेवर आई कॅलेंडरात फुली मारायची. दूधवाले काका त्यांच्या वहीत मांडायचे. महिनाअखेरीला त्यांचे अठ्ठावीस दिवस भरायचे आणि आमचे सव्वीस. मग काका ओट्याशी येऊन उभे राहत, वही आणि कॅलेंडर शेजारी शेजारी धरलं जाई. “सोळा तारखेला तुमची म्हैस आटली होती, विसरलात का?” “हां वहिनी, पण नऊला पाहुणे आले म्हणून तुम्ही दोन लिटर जादा घेतलंत, ते कुठंय?” पाच मिनिटांत मामला मिटायचा. कोणी कोणाला खोटारडा म्हणायची वेळ येत नसे.

त्या ओट्याशी काय काय होतं ते नीट पाहू. एकाच व्यवहाराच्या दोन नोंदी होत्या. त्या दोन वेगवेगळ्या माणसांच्या हातात होत्या. आणि दोघांनाही एकमेकांची नोंद वाचता येत होती. हिशोब चुकणार हे दोघांनी गृहीतच धरलं होतं. चूक सापडायची सोय मात्र भिंतीवर टांगलेली होती.

आता कल्पना करा की कॅलेंडर एकच आहे, ते दूधवाल्याच्या घरी आहे, खोलीला कुलूप आहे, आणि महिनाअखेरीला तुम्हाला फक्त एक आकडा कळतो.

२. चूक तीन वाटांनी येते

कॉम्प्युटर बेरीज चुकवत नाही, हे मास्तरांचं म्हणणं जवळजवळ बरोबर आहे. पण तो कशाची बेरीज करतो, हे माणसांनी ठरवलेलं असतं. तिथे चूक शिरायला तीन वाटा आहेत.

पहिली वाट आत टाकलेल्या माहितीची. ‘शिंदे’चं ‘शिंधे’ झालं की यंत्र दोन वेगळी माणसं मानणार. ही चूक आपल्याला ओळखीची आहे, म्हणून तिच्यावर फार वेळ घालवत नाही.

दुसरी वाट सूचनांची. प्रोग्रॅम म्हणजे ओळीने लिहिलेल्या सूचना, पाककृतीसारख्या. मोठ्या प्रणालीत त्या लाखोंच्या संख्येत असतात आणि अनेक वर्षं अनेक जण त्यांत भर घालत असतात. ‘उकळी आल्यावर मीठ घाला’ ही सूचना ठीक आहे. पण दोनदा उकळी आली तर? लिहिणाऱ्याने तो विचार केलेला नसतो, आणि यंत्र दुसऱ्यांदाही मीठ घालतं. अशा चुकीला ‘बग’ म्हणतात. मोठ्या प्रणालीत बग असतातच. कुठल्याही अनुभवी प्रोग्रॅमरला खासगीत विचारा.

तिसरी वाट सगळ्यांत फसवी. माहिती बरोबर, सूचना बिनचूक, आणि तरी उत्तर अन्यायाचं. कारण प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो. तिच्याकडे आपण ऊसतोडीच्या उदाहरणात येऊ. आधी दुसरी वाट पाहू, कारण तिने एका अख्ख्या देशाची झोप उडवली.

३. पोस्टाच्या काउंटरवर

ब्रिटनमध्ये गल्लीबोळातलं पोस्ट ऑफिस बहुतेक वेळा एखाद्या दुकानातच असतं. एका बाजूला पाव, दूध, वर्तमानपत्रं. दुसऱ्या बाजूला काचेमागे पोस्टाचं काउंटर. ते चालवणारा सबपोस्टमास्टर हा पोस्टाचा पगारी नोकर नसतो. तो करारावर काम करतो, अनेकदा घरदार गहाण टाकून दुकान घेतलेलं असतं. पेन्शन वाटणं, तिकिटं विकणं, पैसे भरून घेणं, सगळं तोच करतो, आणि हिशोबात तूट आली तर ती भरून द्यायची जबाबदारी पोस्टाच्या मते त्याचीच असे.

१९९९ पासून या शाखांमध्ये ‘होरायझन’ नावाची संगणक प्रणाली बसवली जाऊ लागली. ती आयसीएल या कंपनीने बनवली होती. आयसीएल जपानच्या फुजित्सूच्या मालकीची. कागदी खातेवही गेली, पडदा आला. आणि शाखांमध्ये तुटी दिसू लागल्या.

तूट कशी ‘तयार’ होते, याचं एक उदाहरण बारकाईने पाहण्यासारखं आहे. स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टन इथे २०१५ मध्ये ८,००० पौंडांची रोकड एका शाखेतून दुसऱ्या छोट्या शाखेत नेली गेली. पैसे मिळाल्याची नोंद करायला कर्मचारी महिलेने ‘एंटर’चं बटण दाबलं. पडदा गोठला. आपण जे करतो तेच तिने केलं, पुन्हा पुन्हा बटण दाबलं. पडद्यावर काहीच हललं नाही, पण आत प्रत्येक वेळी ८,००० पौंड जमा झाल्याची नोंद होत गेली. चार वेळा. आता गणित सोपं आहे. यंत्राच्या मते शाखेत आले ३२,००० पौंड. प्रत्यक्ष आले ८,०००. म्हणजे २४,००० पौंड गायब! ते कोणी खाल्ले? ज्याच्या ताब्यात शाखा आहे त्याने, दुसरं कोण?

हॅम्पशरमधल्या साउथ वॉर्नबरो गावच्या जो हॅमिल्टन यांनी तर तूट डोळ्यांदेखत वाढताना पाहिली. २,००० पौंडांची तूट दिसली म्हणून त्यांनी हेल्पलाइनला फोन केला. पलीकडून सांगतील तशी बटणं दाबली, आणि आकडा दुप्पट होऊन ४,००० झाला. ती रक्कम भरण्याची जबाबदारी त्यांच्याच माथी आली.

इथे एक पेच समजून घ्यायला हवा, नाहीतर पुढे इतक्या लोकांनी गुन्हा कबूल का केला ते कळत नाही. हिशोबाची मुदत संपली की सबपोस्टमास्टरला ‘हिशोब जुळला’ असं यंत्रावर नोंदवावं लागे. त्याशिवाय दुसऱ्या दिवशी दुकान नीट उघडता येत नसे. तूट दाखवली तर ती खिशातून भरा. खिशात नसेल आणि ‘जुळला’ म्हटलं, तर खोटा हिशोब लिहिल्याचा गुन्हा. हॅमिल्टन यांच्यावर ३६,००० पौंडांच्या चोरीचा आरोप आला. चोरीचा आरोप मागे घेतला जावा म्हणून त्यांनी खोट्या हिशोबाचा गुन्हा कबूल केला. पैसे उभे करायला गावकऱ्यांनी वर्गणी काढली. गावाला त्यांच्यावर विश्वास होता. तो विश्वास कोर्टात पुरावा म्हणून चालत नव्हता.

१९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. त्यांतले बहुसंख्य खटले पोस्ट ऑफिसनेच चालवले, कारण तिथल्या कायद्यानुसार ते स्वतः फिर्यादी होऊ शकत होतं. ज्याची वही, तोच सावकार आणि तोच सरकारी वकील, अशी ही व्यवस्था! भारतीय वंशाच्या एका सबपोस्टमिस्ट्रेसला २०१० मध्ये १५ महिन्यांची कैद झाली. त्या दिवशी तिच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता आणि ती आठ आठवड्यांची गरोदर होती. काहींची घरं गेली, काहींचे संसार मोडले. २०२५ च्या जुलैमध्ये आलेल्या चौकशी अहवालाच्या पहिल्या खंडात या प्रकरणाशी संबंध असू शकेल अशा किमान १३ आत्महत्यांचा उल्लेख आहे.

आणि हेल्पलाइनवरून अनेकांना एकच वाक्य ऐकवलं जात होतं: “असा प्रॉब्लेम फक्त तुम्हालाच येतोय.”

४. काट्यावरचा शिक्का

भाजीवाल्याच्या वजनकाट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. नसेल तर दंड होतो. ठरावीक मुदतीने काटा पुन्हा तपासून घ्यावा लागतो. म्हणजे शंभर रुपयांच्या वांग्यांसाठी आपला कायदा काट्यावर आंधळा विश्वास टाकत नाही. भाजीवाला प्रामाणिक असेलही, पण काटा झिजतो, हे कायद्याला माहीत आहे.

इंग्लंडच्या कायद्यातही असा एक शिक्का होता. १९८४ च्या पोलीस आणि फौजदारी पुराव्याच्या कायद्यातलं ६९ वं कलम सांगे, की संगणकातून निघालेला कागद पुरावा म्हणून आणायचा असेल, तर तो संगणक नीट चालत होता हे आधी दाखवा. ही अट जाचक ठरते, अशी तक्रार होती. उठसूट प्रत्येक यंत्राची साक्ष कोण काढणार? १९९९ च्या कायद्याने ते कलम काढून टाकलं आणि २००० पासून बदल लागू झाला. त्यानंतर तिथल्या न्यायालयांत उलटं गृहीतक चालू लागलं: उलट काही दाखवलं जात नाही तोवर संगणक बरोबरच आहे.

तारखा पाहिल्यात? देशभरच्या पोस्टांत होरायझन बसवलं जात होतं त्याच सुमारास काट्यावरचा शिक्का तपासायची पद्धत बंद झाली.

‘उलट काही दाखवा’ हे ऐकायला न्याय्य वाटतं. पण सबपोस्टमास्टर दाखवणार काय? सूचना फुजित्सूच्या ताब्यात, नोंदी फुजित्सूच्या यंत्रात, चुकांची यादी फुजित्सूच्या दप्तरात. फुजित्सूचे कर्मचारी दूरून शाखेच्या हिशोबात बदल करू शकत होते, हेही पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षं नाकारत राहिलं. कुलूपबंद खोलीतलं कॅलेंडर चुकीचं आहे, हे बाहेर उभ्या असलेल्या बाईने सिद्ध करायचं होतं.

आपल्याकडे काय आहे? २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने भारतीय पुरावा कायद्यात ‘६५ ब’ हे कलम आलं. संगणकीय नोंदीची प्रत कोर्टात द्यायची तर तिच्यासोबत दाखला हवा: ही प्रत अमुक यंत्रातून निघाली, ते नेहमीच्या वापरातलं होतं, नीट चालत होतं. या दाखल्यावरून जो गाजलेला निकाल लागला, तो आपल्या जालन्याचा आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला, असा कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता, आणि पुराव्यात होतं निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण. चित्रणाच्या प्रती होत्या; दाखला द्यायला मात्र अधिकारी तयार नव्हते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने सांगितलं, की मूळ यंत्रच हजर केलं नसेल तर दाखला अनिवार्य आहे. अधिकारी देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून तो मागवता येईल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हे कलम ६३ वं झालं आणि दाखल्यात तज्ज्ञाच्या सहीचा भागही आला.

इंग्लंडने काढून टाकलेला शिक्का आपण ठेवला, ही चांगलीच गोष्ट आहे. तरी एक खोच सांगतो. दाखला बहुधा देतो कोण? ज्याचं यंत्र, तोच. दूधवाल्याने आपल्याच वहीवर ‘वही बरोबर आहे’ असं लिहून देण्यासारखं. आणि बहुतेक गरिबांचं प्रकरण कोर्टापर्यंत जातच नाही. ते खिडकीशीच निकालात निघतं.

५. सरासरीचा सापळा

आता ती तिसरी वाट: सगळं बरोबर, तरी उत्तर चूक.

बीडची एक ऊसतोड जोडी घ्या. उदाहरण कल्पित आहे, आकडेही सोयीचे. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते, सहा महिने फडावर राबते, महिन्याला २०,००० पडतात. हंगाम संपल्यावर गावी परत. सहा महिने हाताला काम नाही. वर्षाची कमाई १,२०,०००. समजा सरकारची एक योजना आहे: ज्या महिन्यात कमाई ८,००० च्या खाली असेल, त्या महिन्यात मदत. जोडीने रिकाम्या सहा महिन्यांत ती घेतली. रीतसर, खरं सांगून.

काही वर्षांनी कार्यालयातला संगणक प्राप्तिकर खात्याकडून वर्षाचा आकडा घेतो: १,२०,०००. बाराने भागतो. १०,०००. म्हणजे दर महिन्याला १०,००० मिळत होते आणि तरी यांनी मदत घेतली! सहा महिन्यांची रक्कम वसूल करा. नोटीस आपोआप निघते.

भागाकार चुकला का? अजिबात नाही. पण सरासरी महिना नावाचा महिना त्या जोडीच्या आयुष्यात कधी उगवलाच नव्हता.

हे मी रचलेलं वाटेल, पण ऑस्ट्रेलियात हेच घडलं. तिथे कमाई पंधरवड्याने मोजतात, म्हणून भागाकार २६ ने होता. पूर्वी अशी तफावत दिसली की कर्मचारी मालकाकडून पगाराची माहिती मागवून खातरजमा करत. २०१६ पासून ते काम यंत्राकडे गेलं आणि वर्षाच्या उत्पन्नाची सरासरी काढून नोटिसा सुटू लागल्या. लोकांनी या कारभाराला ‘रोबोडेट’ नाव दिलं. पत्र आलेल्याने काय करायचं? कित्येक वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या शोधायच्या, जुन्या मालकाला गाठायचं. तो हॉटेलवाला एव्हाना धंदा बंद करून गेलेला. नोंद जपायचं ओझं सरकारकडून उचलून नागरिकाच्या डोक्यावर ठेवलं, इतकाच या ‘सुधारणे’चा खरा अर्थ होता. न्यायालयात हा हिशोब टिकला नाही. २०२० मध्ये सरकारने ४,७०,००० वसुल्या मागे घेत सुमारे ७२ कोटी डॉलर परत करायचं जाहीर केलं. २०२३ च्या चौकशी आयोगाने या योजनेवर, ती अन्यायकारक होती आणि बेकायदेशीरही, असा ठपका ठेवला.

ऊसतोड जोडीकडे पगाराच्या पावत्या नसतात, हे सांगायला नकोच. त्यांची उचल किती, फिटली किती, हे मुकादमाच्या वहीत. त्यांच्या बाबतीत कॅलेंडर पहिल्यापासूनच दुसऱ्याच्या भिंतीवर आहे.

६. मांडवाच्या दारातला वॉचमन

आधारची सुरुवात महाराष्ट्रातून झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिले क्रमांक वाटले गेले. आज रेशन दुकानात पॉस मशीनवर अंगठा ठेवायचा, तो जुळला की धान्य. ‘जुळला’ म्हणजे काय, हे मात्र क्वचितच कोणी समजावून सांगतं.

अंगठा किल्लीसारखा कुलपात बसत नाही. घामाने, कापल्याने, दाब कमी-जास्त झाल्याने प्रत्येक वेळी ठसा थोडा वेगळा उमटतो. यंत्र फक्त साम्य मोजतं आणि ते ठरलेल्या रेषेच्या वर आहे का ते पाहतं. ही रेषा माणसाने आखलेली असते.

लग्नाच्या मांडवात दारावर वॉचमन ठेवला आहे असं समजा. त्याला म्हणालात, “अनोळखी एकही आत सोडू नकोस,” तर नवरीचे काकासुद्धा बाहेर अडकतील. म्हणालात, “पाहुण्याचा अपमान होऊ देऊ नकोस,” तर फुकटे जेवून जातील. एक चूक कमी करायची तर दुसरी वाढते. वॉचमन कितीही हुशार असो, दोन्ही शून्यावर येत नाहीत. मग कुठली चूक चालवून घ्यायची? हा निर्णय तांत्रिक दिसतो, पण त्यात कोणाला बाहेर ठेवणं परवडतं, याचं उत्तर दडलेलं आहे.

काका बाहेर अडकण्याची शक्यता सगळ्यांना सारखी नसते. ऑफिसात बसणाऱ्याचा ठसा ठसठशीत उमटतो. वीटभट्टीवरच्या, भांडी घासणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या रेषा झिजलेल्या असतात. म्हणजे ज्यांना रेशनची गरज जास्त, त्यांचाच थम लागत नाही. २०१८ मध्ये आधार प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयापुढे सांगितलं, की सरकारी सेवांमध्ये ओळख-पडताळणीचं यश ८८ टक्के आहे. राहिलेल्या १२ टक्क्यांतले सगळे उपाशी राहिले, असा अर्थ काढू नये. दुसरं बोट चालतं, घरातलं दुसरं माणूस जातं, कधी नुसतं नेटवर्क गेलेलं असतं. पण टक्केवारी माणसांत बदलून पाहायची सवय ठेवा. अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्रात सुमारे ७ कोटी लोक येतात. सगळे उपाय करून एकच टक्का अडकला, तरी ७ लाख माणसं.

उलट बाजूही खरी आहे. जुन्या रेशनकार्डाच्या मागे दुकानदार नोंद करायचा, तेव्हा ‘दिले’ लिहून साखर काळ्या बाजारात जाई. मेलेल्यांच्या नावावर धान्य उचललं जाई. मशीनने त्याला आळा घातला, हे नाकारणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. माझी हरकत मशीनला नाही. मशीनने ‘नाही’ म्हटल्यावर पुढे काय, याचं उत्तर कागदावर असतं आणि दुकानात नसतं, याला आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये प्राधिकरणाने परिपत्रक काढलं: ओळख पटली नाही म्हणून लाभ नाकारू नका, पर्यायी मार्गाने द्या, नोंद ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी २६ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक अशा मताने आधार कायदा बहुतांशी टिकवला; विरोधात गेलेल्या न्या. चंद्रचूड यांनी हक्काच्या लाभातून बाहेर फेकल्या जाणाऱ्यांचा मुद्दा विस्ताराने मांडला. रांगेतल्या आजीला हे परिपत्रकही माहीत नाही आणि तो निकालही. तिला दुकानदाराचं वाक्य माहीत आहे: “आजी, थम लागत नाही. उद्या या.”

७. आमटीतलं मीठ

पंगतीची आमटी खारट झाली. आचारी म्हणतो, मी मापानेच टाकलं. त्याच्या हाताखालच्याला वाटलं, आचारी विसरला. कोणी आत्याबाईंनी जाता जाता चिमूटभर टाकलं. खारट केली कोणी? सगळ्यांनी मिळून, म्हणून कोणीच नाही.

मोठ्या प्रणालीत नेमकं हे होतं. लिहिणारा म्हणतो, मला सांगितलं तसं लिहिलं. कंत्राटदार कंपनी म्हणते, आम्ही करारातली चाचणी केली. अधिकारी म्हणतो, मी तंत्रज्ञ नाही. खिडकीवरचा म्हणतो, माझ्या हातात काही नाही. यांतला एकही दुष्ट असण्याची गरज नाही. नेदरलँड्समध्ये पाळणाघराच्या अनुदानात फसवणूक शोधताना कर खात्याने जोखीम मोजणारी प्रणाली वापरली. तिच्या निकषांत अर्जदाराचं नागरिकत्व हाही एक होता. किरकोळ चुकांसाठी हजारो कुटुंबांकडून अख्खी अनुदानं परत मागितली गेली. जानेवारी २०२१ मध्ये यावरून सरकारने राजीनामा दिला, आणि मार्चच्या निवडणुकीनंतर पंतप्रधान पुन्हा तेच झाले. जबाबदारी घेतली म्हणावं की नाही, तुम्हीच ठरवा.

पण ‘कोणालाच माहीत नव्हतं’ ही सबब प्रत्येक वेळी खरी नसते. जुलै २०१३ मध्ये ब्रिटिश पोस्ट ऑफिसला त्याच्याच बाजूच्या एका बॅरिस्टरने लेखी सल्ला दिला होता, की खटल्यांत साक्ष देणाऱ्या फुजित्सूच्या तज्ज्ञाने होरायझनमधले माहीत असलेले दोष न्यायालयाला सांगितले नाहीत. शिक्षा झालेल्यांच्या हाती तो कागद पडायला २०२० उजाडलं. मीठ जास्त झालंय हे एकाने चाखून सांगितलं होतं, आणि पंगत तरी वाढली गेली.

८. फेनी कॉम्प्टनची बैठक

अ‍ॅलन बेट्स यांचं पोस्ट ऑफिस वेल्समधल्या लँडडनो इथे होतं. २००० च्या अखेरीस त्यांच्याही पडद्यावर सुमारे ६,००० पौंडांची तूट उगवली. त्यांना संगणकांची थोडी जाण होती. कागद घेऊन बसले आणि बरीचशी तूट त्यांनी स्वतःच शोधून काढली. उरलेली भरायला नकार दिला. प्रणालीतल्या नोंदी पुरेशा तपासता येत नाहीत, तर तिच्या आकड्याची जबाबदारी मी का घेऊ, एवढंच ते वारंवार लिहून विचारत राहिले. २००३ मध्ये पोस्ट ऑफिसने त्यांचा करार संपवला. दुकानात गुंतवलेली पुंजी गेली.

मे २००९ मध्ये ‘कॉम्प्युटर वीकली’ या नियतकालिकाने बेट्स यांच्यासह सात सबपोस्टमास्टरांच्या हकिगती छापल्या. त्यानंतर ५५५ जणांनी पोस्ट ऑफिसवर लावलेला दावा २०१९ मध्ये निकाली निघाला. पोस्ट ऑफिसने ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंड देऊन तडजोड केली आणि त्यांतला मोठा वाटा खटल्याच्या खर्चातच गेला. होरायझन निर्दोष आहे हा हेका म्हणजे पृथ्वी सपाट आहे असं आजच्या काळात म्हणत राहण्यासारखा आहे, असं न्यायाधीशांनी निकालपत्रात सुनावलं. एप्रिल २०२१ मध्ये हॅमिल्टन यांच्यासह ३९ जणांच्या शिक्षा रद्द झाल्या. जानेवारी २०२४ मध्ये टीव्हीवर चार भागांची मालिका आली, देश खवळला, आणि मेमध्ये संसदेने कायदा करून उरलेल्या शेकडो शिक्षा एका फटक्यात पुसल्या. संगणक बरोबरच असतो या गृहीतकाचं काय करायचं, यावर तिथल्या सरकारने २०२५ मध्ये लोकांची मतं मागवली.

पण मला या सगळ्या प्रकरणातली एक साधी तारीख जास्त लक्षात राहते. नोव्हेंबर २००९. बेट्स यांनी सबपोस्टमास्टरांची एक बैठक बोलावली. कोणालाही फार लांब पडू नये म्हणून इंग्लंडच्या मधोमध असलेलं फेनी कॉम्प्टन हे गाव निवडलं आणि तिथला समाजमंदिरासारखा एक हॉल घेतला. एकमेकांना न ओळखणारी माणसं तिथे जमली. प्रत्येकजण वर्षानुवर्षं हेच ऐकत आला होता, की प्रॉब्लेम फक्त त्याच्याच शाखेत आहे. एकाने उठून आपली तूट कशी आली ते सांगितलं. मग शेजारच्या बाईने. मग तिच्या मागच्याने.